मगवर निळी पानं काढायचीत? अंडरग्लेझ, ग्लेझ आणि भट्टीचं सगळं गणित

पॉटरी क्लासमध्ये चाकावर पहिला धड मग जमला की माणूस आठवडाभर हवेत असतो, आणि मग रंगवायची वेळ आली की सगळं अडतं. अंडरग्लेझ कुठला, ग्लेझ कुठला, आधी काय लावायचं, भट्टीत किती वेळा जायचं... मी तर सुरुवातीचे कितीतरी दिवस दोन्ही डब्यांकडे नुसती बघत बसायचे.

तर आधी फरक. अंडरग्लेझ म्हणजे रंग. त्यात माती असते, थोडं फ्रिट म्हणजे काचेची पूड असते आणि कोबाल्ट, क्रोम, लोखंड असल्या धातूंचे ऑक्साइड किंवा त्यांच्यापासून केलेले स्टेन म्हणजे तयार रंगपूड असतात. तो भट्टीत वाहत नाही, रेघ मारली तिथेच राहते, म्हणून चित्र काढायला हाच. पण नुसता ठेवला तर खडूसारखा कोरडा दिसतो आणि चहाचे डाग धरतो. ग्लेझ म्हणजे सरळ काच, सिलिका, अॅल्युमिना आणि सिलिकाला लवकर वितळवणारा फ्लक्स. आजीकडची लोणच्याची बरणी आठवा, वर तपकिरी खाली पांढरी, त्यावरचा तो गुळगुळीत थर म्हणजे ग्लेझ, त्यातून खार आत मुरत नाही म्हणून तर लोणचं त्याच बरणीत जायचं. आणि जयपूरच्या ब्लू पॉटरीवरची निळी फुलंसुद्धा ग्लेझच्या खालीच रंगवलेली असतात, फक्त तिथे भांडं मातीचं नसून क्वार्ट्झच्या पुडीचं असतं.

खाली जे सांगतेय ते स्टोनवेअर म्हणजे जास्त आचेवर भाजायच्या मातीच्या मगबद्दल, इलेक्ट्रिक भट्टीत, कोन ६ पर्यंत. (कोन म्हणजे ठरावीक आचेला वाकणारा छोटा सुळका, त्याच्या नंबरावरून भट्टीची आच सांगतात.) तुमची माती वेगळी असेल तर पाकिटावरचा आकडा बघा, तो अंतिम.

पहिली भाजणी, म्हणजे बिस्क

मग पूर्ण वाळलेला पाहिजे. पूर्ण म्हणजे पूर्ण. पावसाळ्यात आमच्याकडे पंधरा पंधरा दिवस लागतात, वरून सुका दिसतो आणि बुडाशी ओल असते. गालाला लावून बघा, गार लागला तर अजून पाणी आहे. असा मग भट्टीत गेला तर १०० अंशाच्या आसपास आतल्या पाण्याची वाफ होते आणि तो फुटतो, वर शेजाऱ्याचं भांडंही घेऊन जातो. म्हणून सुरुवात अगदी हळू, तासाला ६०-८० अंश. पुढे ५७३ अंशाला मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते, तो थोडा फुगतो, तिथेही घाई नको, गार होताना तर अजिबातच नको. शेवट साधारण १००० अंशाला, म्हणजे कोन ०६. आता मग कडक झालाय पण सच्छिद्र आहे, ओठाला लावला तर चिकटतो, आणि आपल्याला तेच हवंय.

इथे एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलेय. कोन ०६ आणि कोन ६ हे दोन वेगळे प्राणी आहेत. ०६ म्हणजे हजाराच्या आसपास, ६ म्हणजे १२२० च्या वर, शून्य लागलं की आकडा जितका मोठा तितकी आच कमी. मी भट्टी लावणाऱ्या मुलाला फोनवर घाईत सांगितलं, “सिक्सला लाव रे,” त्याने सिक्सलाच लावली, त्याची काय चूक. माझे बिनग्लेझचे सात मग दगड होऊन बाहेर आले, एक थेंब पाणी पिईनात, आणि पाणी न पिणाऱ्या भांड्यावर ग्लेझ बसतच नाही, सरळ ओघळतो. शेवटी मग ओव्हनमध्ये गरम करून, ग्लेझमध्ये थोडा सीएमसी गोंद घालून, दाट थर लावून पाच वाचवले. तेव्हापासून चिठ्ठी लिहून देते, “शून्य सहा”, अक्षरात.

चित्र काढणं

अंडरग्लेझ कच्च्या मगवरही लावता येतो आणि बिस्कवरही. माती चामड्यासारखी घट्ट झालेली असताना लावला तर सुईने खरवडून खालची पांढरी माती दाखवता येते, ते फार देखणं दिसतं. पण नवीन असाल तर बिस्कवर करा, हातातून तुटत नाही आणि चुकलं तर ओल्या स्पंजने बरंचसं पुसता येतं.

आधी मग ओल्या स्पंजने पुसून घ्या, भाजणीची धूळ आणि हाताचं तेल गेलं पाहिजे. हाताला क्रीम लावून बसू नका, जिथे बोटं लागतील तिथे पुढे ग्लेझ फाटतो. पेन्सिलने पानं काढा बिनधास्त, ती रेघ भट्टीत जळून जाते. मग मऊ केसांच्या भरपूर रंग धरणाऱ्या ब्रशने भरायचं, भिंतीला रंग देतो तसं घासायचं नाही, ब्रशमधला रंग मातीवर सोडत जायचं. सलग रंग हवा असेल तर तीन हात, दर वेळी आधीचा सुकू द्यायचा आणि दिशा बदलायची, पहिला आडवा दुसरा उभा. एकाच हातात उरकलं तर भाजल्यावर ब्रशचे पट्टे दिसतात. जाड गोळा करून ठेवला तर मात्र वरचा ग्लेझ त्याला धरत नाही, सरकून बेटं बेटं होतात.

रंग दिसतो तसा येत नाही हे मनाला सांगून ठेवा. कच्चं कोबाल्ट ऑक्साइड लावताना काळपट राखाडी दिसतं, भाजल्यावर गडद निळं. (तयार अंडरग्लेझमध्ये कंपन्या स्टेन वापरतात म्हणून डब्यातला रंग बराच जवळ असतो.) निळा आणि काळा हे सगळ्यात भरवशाचे. गुलाबी नखरेल, क्रोम-टिनचा गुलाबी असेल तर वरच्या ग्लेझमध्ये जस्त नको, नाहीतर करडा पडतो. क्रोमचा हिरवासुद्धा जस्ताच्या ग्लेझखाली तपकिरीकडे जातो. त्यामुळे ट्रान्सपरंट ग्लेझ विकत घेताना झिंक आहे का एवढं दुकानात विचाराच.

ग्लेझ लावणं, आणि खरी गोम

लोक रंगांच्या नावाने बोटं मोडतात, पण माझ्या हातून बिघडलेल्या दहातले आठ मग ग्लेझच्या जाडीने बिघडलेत. ट्रान्सपरंट ग्लेझ जाड बसला तर दुधाळ होतो आणि तुमची दोन तास खपून काढलेली पानं धुक्यात गेल्यासारखी दिसतात. पातळ राहिला तर खरबरीत.

बादली तळापासून ढवळा, खाली गाळ बसलेला असतो. ८० मेशच्या चाळणीतून गाळा. नंतर १०० मिली ग्लेझ मोजून किचनच्या काट्यावर ठेवा, भांड्याचं वजन सोडून १४० ते १४५ ग्रॅमच्या आसपास वजन आलं पाहिजे, हाताला पातळ बासुंदीसारखं लागतं. बुडाला मेणाचा हात द्या, भिंतीवर खालून पाच-सहा मिलिमीटर जागा मोकळी सोडा. आत ग्लेझ ओतून, फिरवून, लगेच उलटा करा. बाहेरून चिमट्यात धरून बुडवा, एकवीस, बावीस, तेवीस म्हणेपर्यंत, की बाहेर. बस. सुकल्यावर न दिसणाऱ्या जागी सुई टोचून बघा, थर एटीएम कार्डाच्या जाडीचा किंवा जरा कमी हवा. कानाच्या खालच्या वळणात थेंब जमतो, तो सुकल्यावर बोटाने चोळून सपाट करा, मास्क लावून, ती सिलिकाची धूळ छातीत गेलेली चांगली नाही. टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, बादलीत गाळ बसू द्या.

ब्रशने ग्लेझ लावणार असाल तर न भाजलेला अंडरग्लेझ पहिल्या हातात फिसकटतो, काळी रेघ तर लगेच. मी अशा वेळी नुसतं चित्र परत ०६ ला भाजून घेते. एक भाजणी जास्त, पण कटकट नाही.

हे सगळं आधी मातीच्या छोट्या टाइलवर करून बघा. एक बुडी, दोन बुड्या, तीन बुड्या, मागे पेन्सिलने नाही (जळेल!), अंडरग्लेझने नंबर लिहा. कंटाळवाणं आहे, मान्य.

दुसरी भाजणी

बिस्कमध्ये भांडी एकावर एक चालतात, इथे नाही. दोन भांड्यांत बोटभर अंतर. बूड ओल्या स्पंजने पुसा, ग्लेझचा ठिपकाही राहिला तर मग शेल्फला चिकटतो, मग छिन्नी, मग रडारड. शेल्फवर अॅल्युमिना आणि केओलिनचा किल्न वॉश लावलेला असेल तर निदान शेल्फ वाचतं. डिजिटल आकड्यावर विसंबू नका, आत कोन ६ चा सुळका उभा करा, तो तापमान आणि वेळ दोन्हीचा मिळून हिशोब दाखवतो, वाकून टोक खाली टेकलं की झालं. वर पोचायला आठ-दहा तास, गार व्हायला त्याहून जास्त.

आणि भट्टी १०० च्या खाली येईपर्यंत उघडू नका. मला माहितीय, झाकण खुणावतं. गार हवा लागली की ग्लेझमधून टिंग टिंग आवाज येतो, ऐकायला गोड, पण बहुतेक वेळा तो बारीक तडे जाण्याचा आवाज असतो. हळू गार करूनही दिवसेंदिवस तडे पडत राहिले तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतोय, तो ग्लेझ त्या मातीला चालत नाही, बदला.

बाहेर आल्यावर बूड ओल्या दगडावर घासा, नाहीतर टेबलावर चरे. खाण्यापिण्याचं भांडं असेल तर ग्लेझ शिशाविरहित पाहिजेच, आणि रात्रभर लिंबाची फोड आत ठेवून बघा. सकाळी तिथला रंग उडाला असेल तर तो मग पेन ठेवायला.