पाकिटावरचा कागद फेकू नका

गोधडीच्या दोन कापडांमध्ये घालायच्या मऊ थराचं, म्हणजे बॅटिंगचं, पाकीट उघडलं की त्यावरचा सूचनांचा कागद फेकू नका. आधी वाचा, मग कात्री हातात घ्या, आणि काम संपेपर्यंत तो मशीनशेजारी भिंतीला चिकटवून ठेवा. घाई असेल तर इथेच थांबा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी फेकला होता. आठ इंची चौकोनांचं जोडकाम मनासारखं जमलं होतं, त्यावर टीप चालवायला जीव होत नव्हता. म्हणून फक्त जोडांच्या सांध्यांतून टिपा घातल्या. चौकोनांची पोटं मोकळी, आणि बाहेरची सहा इंची किनार तर अगदीच कोरी. आत होता साधा, सुटा कापूस. पहिल्याच धुण्यात तो प्रत्येक चौकोनाच्या एका कोपऱ्यात जाऊन बसला. गोधडी उजेडासमोर धरली तर निम्मा चौकोन आरपार दिसत होता. नंतर वरून टिपा मारून पाहिल्या, पण कापूस जिथून हलला होता तिथे फक्त दोन कापडं एकमेकांना शिवली गेली. पुढे त्याच बॅटिंगचं दुसरं पाकीट आणलं, तेव्हा कागदावर ठळक दिसलं: टिपांमधलं अंतर जास्तीत जास्त ४ इंच. मी ठेवलं होतं ८.

तर क्रम असा: बॅटिंग, मग अंतर, मग नक्षी, आणि दोरा सगळ्यांत शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. नक्षी आवडते, दोऱ्याचा रंग आवडतो, आणि बॅटिंग काय, कपाटात असेल ती.

हे अंतर बॅटिंगगणिक का बदलतं, ते समजून घ्या, म्हणजे लक्षात राहील. नुसते तंतू दाबून केलेल्या कापसाला धरून ठेवणारं आत काहीच नसतं, त्याला टिपांनीच धरायचं असतं. काही बॅटिंगमध्ये हजारो सुया टोचून तंतू एकमेकांत गुंतवलेले असतात. काहींच्या आत पातळ जाळीचा थर असतो, काहींत चिकटवणारा पदार्थ. अशा बॅटिंगला कधीकधी ८ ते १० इंचांपर्यंत सूट मिळते. पण हे आकडे माझ्याकडून घेऊ नका, आपल्या कागदावरून घ्या. ‘कापसाची आहे म्हणजे अमुक अंतर’ हा हिशेब चालत नाही. दोन्ही कापसाच्याच, एकीला ४ इंच, दुसरीला १०, असं होतं. हाताने शिवणार असाल तर जाळीवाली घेऊ नका, सुई अडते आणि बोटं दुखतात.

कापूस पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतो. म्हणजे ६० इंचांच्या बाजूला दोन ते तीन इंच गेले. त्याने येणाऱ्या बारीक सुरकुत्या ज्यांना आवडतात त्यांनी खुशाल कापूस घ्यावा. सपाट हवी असेल तर आधी भिजवून घेता येते का, तेही त्याच कागदावर असतं (बघा, परत कागद). पॉलिएस्टर आटत नाही, हलकं असतं, फुगतंही छान, पण हलक्या प्रतीचं असेल तर त्याचे तंतू टाक्यांच्या भोकांतून बाहेर डोकावतात. गडद कापडावर ते पांढऱ्या दाढीसारखे दिसतात, तिथे काळी बॅटिंग घ्या. लोकरीवर घड्यांच्या खुणा कमी राहतात आणि नक्षी उठून दिसते. ८० टक्के कापूस आणि २० टक्के पॉलिएस्टर हे मिश्रण पहिल्यांदा करणाऱ्याला बरं. कुठलीही घ्या, आदल्या दिवशी उलगडून पसरून ठेवा.

आता नक्षी. कागदावरचा आकडा घ्या आणि तेवढ्याच व्यासाचा पुठ्ठ्याचा गोल कापा. नक्षीचा आराखडा खऱ्या मापात काढा आणि त्यावर हा गोल फिरवा. एकाही रेषेला न शिवता गोल जिथे मावतो, तिथे टीप कमी पडली आहे. एक रेषा वाढवा. कोपऱ्यांत फिरवा. किनारीवर फिरवा. किनारीवर परत एकदा फिरवा, कारण मधली नक्षी ठरवताना किनार आपण ‘बघू नंतर’वर टाकतो आणि ते नंतर कधी येत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. मला पुठ्ठ्याचा हा गोल कुणी आधी सांगितला असता तर!

नक्षीबद्दल बाकी फार नाही. घनता सगळीकडे सारखी ठेवा. मध्ये दाट आणि कडेला विरळ केलं की मधला भाग आक्रसतो आणि कडा लाटांसारख्या हलतात, मग गोट लावताना रडायचं. उलट, सगळीकडे अर्ध्या अर्ध्या इंचावर वेटोळी घातलीत तर पांघरूण पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. भरगच्च छापील कापडावर पिसांची नाजूक नक्षी कुणाला दिसत नाही, तिथे साधी नागमोडी पुरते. पिसं साध्या कापडासाठी राखून ठेवा. तिरक्या जाळीच्या सरळ रेषा सोप्या वाटतात, पण जोडकाम जरा वाकडं असेल तर त्या चुगली करतात. सांध्यांतून मारलेली टीप लपते खरी, पण ती एकटी बहुतेक वेळा पुरत नाही. हे मी तुम्हाला आठ इंची चौकोनांवरून सांगते आहे.

दोऱ्याच्या रिळावरचा आकडा वाढला की दोरा बारीक होतो. ४० नंबर दिसण्यासाठी, ५० नंबर कापडात मिसळण्यासाठी. बारीक दाट भरावाला ६०, आणि रेशमी असेल तर १०० सुद्धा. हाताने शिवण्यासाठीचा, वरून लेप दिलेला चकचकीत दोरा मशीनमध्ये घालू नका. लेप ताणाच्या चकत्यांत अडकतो आणि मग दोष मशीनला जातो. ४० नंबरला ९०/१४ ची सुई, ५० ला ८०/१२. रंग रीळ ठेवून ठरवू नका. दोऱ्याचा हातभर तुकडा उलगडून कापडावर टाका, तो रिळापेक्षा फिका दिसतो. बॉबिनमधल्या आणि वरच्या दोऱ्याचे रंग जवळचेच असू द्या, नाहीतर ताण जरा बिघडला की ठिपके दिसतात. साध्या अस्तरावर प्रत्येक चूक दिसते, छापील अस्तर पुष्कळ माफ करतं.

तेच कापड, तीच बॅटिंग, तोच दोरा, तीच सुई घेऊन एक फूटभर नमुना शिवा. तो धुवा. हो, धुवाच. मी नमुना केला होता, ताण तपासला आणि खूश होऊन ठेवून दिला. धुतला असता तर कापूस तिथेच सरकलेला दिसला असता.

अस्तर आणि बॅटिंग चारही बाजूंनी निदान तीन-चार इंच जास्त. खुणा करायचं पेन आधी चिंधीवर तपासा. पाण्याने जाणाऱ्या निळ्या शाईवर इस्त्री फिरवलीत तर ती पक्की बसते, आणि उष्णतेने जाणारी शाई कडक थंडीत परत उमटू शकते. सेफ्टी पिना मधून कडेकडे, तळहाताच्या अंतरावर. अस्तर ताठ, पण ओढलेलं नको. भरलेल्या बॉबिन पाच-सहा. सरळ रेषांना वॉकिंग फूट (सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा मशीनचा पाय) आणि टाका अडीच ते तीन मिलिमीटर, हाताने कापड फिरवत काढायच्या मोकळ्या नक्षीला मशीनचे कापड सरकवणारे दाते खाली. सुरुवात मधून.

मग टिपा घाला, कडा छाटा, गोट लावा, झालं. फक्त छाटण्याआधी पुठ्ठ्याचा तो गोल शिवलेल्या गोधडीवर आणखी एकदा फिरवा. किनारीवरून सुरुवात करा.