दोन लाख किलोमीटर पळालेली बोलेरो घ्यावी का?

कापसाचा चुकारा हाती आला की जुन्या गाडीवर मन जातंच. बंपर चेपलेला, दारावर ओरखडा, एवढंच असेल तर उलट भाव पाडायला बरं. पण चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, नवं वेल्डिंग दिसलं, तर तिथूनच परत फिरा. गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर शंका घ्या. चालू इंजिनच्या ऑइलचं झाकण उघडा. तिथून भकभक धूर निघाला किंवा सायलेन्सरमधून निळा आला, तर इंजिनकामाचा खर्च धरूनच बोला. वणीकडं खाणीवर चाललेली गाडी असेल, तर मी किलोमीटरपेक्षा धुळीलाच जास्त भितो. आरसीवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, कर्जाचा बोजा उतरलाय ना? आणि 15 वर्षं होत आली असतील, तर पुनर्नोंदणीचा खर्च वेगळा.