सिलेंडर, युनिट, कॅलरी: ऊर्जेची मापं एकमेकांत कशी बदलावी

गॅस स्वस्त की इंडक्शन, हा विषय निघाला की घरातल्या प्रत्येकाचं उत्तर तयार असतं. हिशेब मात्र कुणीच केलेला नसतो. गॅस किलोवर येतो, वीज युनिटवर मोजतात. दोन्ही एका मापात आणल्याशिवाय तुलना होणार कशी?

आधी ‘वॅट’ आणि ‘वॅट-तास’ वेगळे करा. निम्म्या चुका इथेच होतात. वॅट म्हणजे नळाची धार, वॅट-तास म्हणजे बादलीत जमलेलं पाणी. २ किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की १ किलोवॅट-तास, म्हणजेच बिलावरचं १ युनिट होतं.

मग हे आकडे जवळ ठेवा.

- १ युनिट = ३.६ मेगाज्यूल (१००० वॅट × ३६०० सेकंद, पाठ करायची गरज नाही)
- १ किलोकॅलरी = ४.१८४ किलोज्यूल
- १ युनिट = सुमारे ८६० किलोकॅलरी
- १ बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश माप, एसीसाठी लागेल) = सुमारे १०५५ ज्यूल

गुणायचं की भागायचं? मोठ्या मापातून लहान मापात जाताना आकडा वाढलाच पाहिजे. कमी झाला तर उलटं केलंत.

आता सिलेंडर. घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो आणि एक किलो जळला की सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. १४.२ × ४६ = ६५३ मेगाज्यूल. याला ३.६ ने भागा: साधारण १८१ युनिट.

इथेच थांबून ‘एक सिलेंडर म्हणजे १८१ युनिट वीज’ म्हणाल तर फसाल. ही सगळी उष्णता भांड्यात जात नाही, बरीचशी कडेने निघून स्वयंपाकघर तापवते. शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्के धरली, तर पातेल्यापर्यंत पोहोचतात १२३ युनिट. इंडक्शन ८५ टक्के धरा. १२३ ला ०.८५ ने भागलं की येतात १४५. म्हणजे एका सिलेंडरचं काम करायला साधारण १४५ युनिट वीज लागेल. याला दराने गुणताना बिलाचा सरासरी दर घेऊ नका. ही वीज नेहमीच्या वापरावर वाढीव असते, त्यामुळे तिला वरच्या स्लॅबचा दर लागतो. माझ्या मते हा हिशेब बहुतेकांचा इथेच चुकतो.

आंघोळीच्या पाण्याचा हिशेब त्यापेक्षा सोपा, कारण एक लिटर पाणी एक अंश तापवायला लागते तीच एक किलोकॅलरी. १५ लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर न्यायचं तर १५ × २० = ३०० किलोकॅलरी. भागिले ८६०, म्हणजे ०.३५ युनिट.

खाण्याच्या पाकिटांवर जरा जपून. बोलताना आपण जिला ‘कॅलरी’ म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते. ऑस्ट्रेलियाहून कुणी चॉकलेट आणलं तर त्यावर किलोज्यूल छापलेले दिसतील. तोंडी करायचं तर चारने भागा आणि विसात एक या हिशेबाने कमी करा: २२०० चे ५५०, त्यातून २७ वजा, म्हणजे ५२३. नेमकं उत्तर ५२६ आहे. एवढ्याने काही बिघडत नाही.

एसीचा ‘टन’ हे वजन नाही. १ टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, म्हणजेच सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता खोलीबाहेर काढण्याचा वेग. एसी वीज खातो ती याहून बरीच कमी.

राहिली पॉवर बँक. मिलिअँपिअर-तास ही ऊर्जा नव्हे; त्याला व्होल्टने गुणून हजाराने भागावं लागतं. आतल्या सेलचे ३.७ व्होल्ट धरले तर २०,००० × ३.७ ÷ १००० = ७४ वॅट-तास. विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतची नेता येते, तीही हातातल्या बॅगेतच. २७,००० ची असेल तर आकडा येतो ९९.९. ३०,००० ची मात्र १११ होते.