उवा घालवायच्या असतील तर आधी फणी धरायला शिका

पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात शाळेत जाणाऱ्या मुलींची कधी वाण नव्हती, आणि जूनमध्ये शाळा उघडली की महिन्याभरात कोणाची तरी खाजवाखाजव सुरू होई. तेव्हापासून नातीपर्यंत इतकी डोकी विंचरल्यानंतर आता ‘अमुक तेल लावा, एका रात्रीत उवा जातील’ असे कोणी सांगितले की मला राग येतो. खोबरेल तेलाने केस निसरडे होतात आणि उवा मंदावतात, एवढाच त्याचा उपयोग. लीख ज्या चिकट द्रावाने केसाला धरून बसते, तो तेलाने सुटत नाही. सीताफळाच्या बियांची पूड तर मुळीच लावू नये, कारण ती डोळ्यांत गेल्यास बुबुळाला जखम होते. रॉकेल कातडी भाजते आणि पेटही घेते, तेव्हा त्याचे नावही काढू नये.

रात्री खोबरेल लावावे, सकाळी डोके धुवावे, ओल्या केसांना कंडिशनर चोपडून साध्या कंगव्याने गुंता काढावा.

खरे काम फणीचे. प्लॅस्टिकच्या स्वस्त फणीचे दात वाकतात आणि लिखा त्यांतून निसटतात, म्हणून बारीक, ताठ दातांची धातूची फणी घ्यावी. मुलीला उजेडात पाटावर बसवून केसांचे चार भाग करावेत, त्यातली बोटभर रुंदीची एकेक बट सोडवावी आणि फणीचे दात कातडीला टेकवूनच टोकापर्यंत ओढावेत. जिवंत लिखा मुळापासून साधारण अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असतात, त्यामुळे वरवर विंचरणे व्यर्थ. कानांमागे आणि मानेवर दुप्पट वेळ द्यावा. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या पंचावर पुसावी: तिळाएवढी तपकिरी ऊ तिथे पाय हलवताना दिसते. कोंडा फुंकरीने उडतो, लीख उडत नाही. ती दोन नखांत धरून केसावरून ओढून काढावी लागते.

पहिल्या वेळी मी एका रविवारी तीन तास खपून थोरलीचे डोके स्वच्छ केले आणि समाधानाने फणी ठेवून दिली. नवव्या दिवशी पंचावर पुन्हा उवा, आणि त्याही बारीक! लिखा 7 ते 10 दिवसांत फुटतात आणि थोड्या लिखा राहिल्या तरी सगळे पहिल्यापासून सुरू होते, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते. म्हणून हीच बैठक पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी करावी आणि सतराव्या दिवशी तपासावे. मुलगी कितीही कुरकुरली तरी एकही दिवस चुकवू नये. घरातल्या सगळ्यांची डोकी पहिल्याच दिवशी पाहावीत, पुरुषांचीही.

उशीचे अभ्रे, टॉवेल आणि कंगवे कडकडीत पाण्यात टाकावेत. डोक्यावरून पडलेली ऊ दोन दिवसांत मरते, त्यामुळे घरभर औषध फवारणे हा निव्वळ खर्च आहे.

खाजवून पू झाला असेल, मानेत गाठी आल्या असतील किंवा सतराव्या दिवशीही चालती ऊ दिसली, तर डॉक्टरांकडे जावे. ते बहुधा 1 टक्का परमेथ्रिनचे औषध देतात, ते दहा मिनिटांनी धुवायचे असते आणि आठवड्याभराने पुन्हा लावावे लागते. फणी मात्र त्यानंतरही फिरवावीच लागते.