फेडोरा कोअरओएस: बारसं एकदाच होतं

सांगलीत, विश्रामबागेतल्या खोलीवर आठ जीबीच्या लॅपटॉपवर मी फेडोरा कोअरओएस, म्हणजे कंटेनर चालवायला बनवलेलं लिनक्स, शिकलो. लिनक्स, एसएसएच आणि कंटेनर तुम्हाला येतात असं धरून लिहितोय.

यॅमलमध्ये ब्यूटेनची फाइल लिहायची, ब्यूटेन हे टूल तिची जेसन करून देतं, ती इग्निशनसाठी. इग्निशन म्हणजे मशीनची पहिली मांडणी करणारा प्रोग्रॅम. मशीन पहिल्यांदा सुरू होताना इग्निशन ती जेसन वाचून डिस्क, युजर, फाइली, सिस्टमडीची युनिटं सगळं मांडून ठेवतं. हे अर्ध्या दिवसात जमलं आणि डोक्यात हवा गेली.

मग कंटेनरचं पोर्ट बदलायचं होतं. यॅमल बदललं, जेसन केली, रीबूट मारला. पोर्ट जुनंच! तीन दिवस मी यॅमलमधल्या स्पेस मोजत बसलो. 'पहिल्यांदा' हा शब्द मात्र रोज वाचूनही डोक्यात शिरला नव्हता.

इग्निशन फक्त पहिल्या बूटला चालतं, तेही इनिट्रॅमएफएस या सुरुवातीच्या छोट्या तात्पुरत्या सिस्टममध्ये, खरी सिस्टम उभी राहायच्या आधी. दुसऱ्या बूटला ते तुमच्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. बारसं झालं की झालं, नंतर पाळण्यावरची पाटी बदलून पोराचं नाव बदलत नाही. बदल हवा तर मशीन पुसायचं आणि नव्या फाइलने पुन्हा उभं करायचं. परत सांगतो, रीबूट नाही, पुन्हा उभं करायचं. माझा घोळ झाला तो एका जुन्या लेखामुळे. जुन्या कोअरओएसवर, म्हणजे कंटेनर लिनक्सवर, मांडणीसाठी क्लाउड-कॉन्फिग नावाची फाइल दर बूटला चालायची. ते कंटेनर लिनक्स मे 2020 मध्येच बंद झालं, लेख मात्र अजून सापडतात. आधी तारीख बघा.

पुसायचं म्हटल्यावर पोटात गोळा येतो, माहितीये. डेटा वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि ब्यूटेनच्या फाइलमध्ये त्या डिस्कसाठी वाइप फाइलसिस्टम (फाइलसिस्टम पुसायची का) फॉल्स असू द्या. लेबल आणि फाइलसिस्टमचा प्रकार तोच राहिला तर इग्निशन ती डिस्क जशीच्या तशी वापरतं. मी हे केलं नव्हतं. डेटाबेस चाचणीचा होता म्हणून वाचलो.

एक सिनियर म्हणाले, "आत शिरून फाइल हाताने बदल की, कशाला डोकं लावतोस?" काम भागतं, खरंय. पुढच्या वेळी मशीन नव्याने उभं केलं की तो बदल गायब, आणि काय बदललं होतं ते कुणालाच आठवत नाही. असल्या सल्ल्यांपेक्षा क्यूईएमयूवर (लॅपटॉपवरच आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एक व्हीएम बरी. शंभरदा पुसा, कुणी रागावत नाही.

फाइल चुकली की मशीन इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन थांबतं. घाबरू नका, अर्धवट मांडलेलं मशीन चालू होऊ नये म्हणून ते मुद्दाम तसं केलंय. पण कोअर या आधीपासूनच असलेल्या युजरला एसएसएच की द्यायची राहिली तर मशीन मस्त चालू होतं, फक्त तुम्ही बाहेर. त्याला पासवर्ड नसतोच.

आणि जेसन हाताने लिहायच्या फंदात पडू नका. तिथे परवानग्या दशमान आकड्यांत असतात, 0644 चे 420 होतात. मी सरळ 644 ठोकलं होतं, आणि फाइल ज्याच्या मालकीची त्यालाच ती वाचता येईना.