मुंबईच्या दमट हवेत चामडी रायडिंग जॅकेटची निगा

चामडे तडकू नये म्हणून त्याला वरचेवर तेल चोळावे, हा सल्ला कोरड्या हवेच्या प्रदेशात योग्य असला, तरी मुंबईत जॅकेटला खरा धोका ओल आणि घामाचा असतो. म्हणून येथे पुसणे आणि वाळवणे नेमाने करावे, कंडिशनर (चामडे मऊ ठेवणारे मलम) मात्र बेतानेच लावावे.

मोटरसायकलवरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खंडाळ्याचा घाट करून परतल्यावर जॅकेटच्या छातीवर चिकटलेले किडे त्याच रात्री काढावेत. ओला सुती फडका त्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवला की ते सुटतात. नखाने खरवडू नये.

सविस्तर सफाईपूर्वी खांदे, कोपर आणि पाठीतील आर्मर (पडल्यास मार झेलणारे पॅड) काढावेत, चेन लावून घ्यावी आणि शिवणींतील धूळ मऊ ब्रशने झटकावी. चामड्यासाठीचा सौम्य क्लीनर आधी आतल्या बाजूच्या न दिसणाऱ्या जागी लावून रंग सुटत नाही ना, हे पाहावे. नंतर घट्ट पिळलेल्या स्पंजाने थोडा थोडा भाग पुसावा. कॉलर आणि मनगटे यांना अधिक वेळ द्यावा, कारण घामाचे क्षार तेथेच साठतात. भांड्यांचा साबण वापरू नये. चामडे किंचित आम्लधर्मी असते आणि असा साबण त्यातील स्निग्धांश ओढून नेतो. स्वेडला, म्हणजे मखमली लव असलेल्या चामड्याला, ही पद्धत चालत नाही.

जॅकेट रुंद खांद्यांच्या हँगरवर, सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावे. घाईने उन्हात टांगल्यास किंवा हेअर ड्रायर लावल्यास ओल्या चामड्यातील कोलाजेन या प्रथिनाचे तंतू आकसतात आणि ते कडक होते.

कंडिशनर वाळलेल्या चामड्यावरच, फडक्यावर थोडेसे घेऊन पातळ थरात लावावे. जाळीदार भागातील छिद्रे बुजू देऊ नयेत. पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा, एवढे माझ्या मते पुरे. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल तेल चोळण्याचा मोह होतो, पण त्यावर धूळ बसते आणि कालांतराने ते खवट होते.

जुलैत कपाटातील जॅकेटवर पांढरी बुरशी दिसल्यास ते बाल्कनीत नेऊन, नाकावर मास्क लावून कोरड्या ब्रशने झटकावे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून, तेही आधी लपलेल्या जागी तपासून, फडक्याने हलकेच पुसावे. त्यानंतर प्लॅस्टिकऐवजी सुती कव्हर वापरावे, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि आठवड्यातून एकदा जॅकेट पंख्याखाली काढावे. आर्मर परत बसवल्यावर जॅकेट घालून, हात हँडलवर असल्यासारखे वाकवून, कोपराचा आर्मर नेमका कोपरावर येतो की नाही, हे तपासावे.