दसऱ्याआधी केबिन तयार हवी

पावसाळ्यात मुंबईच्या शिडाच्या बोटी बहुतेक पाण्याबाहेर काढलेल्या असतात. त्यांचा हंगाम दसऱ्याच्या आसपास सुरू होतो, म्हणजे केबिनच्या कामाला हे मधले महिने. बोट तिकडे आणि आपण बडोद्यात, ही अडचण वाटते तेवढी नाही. गाद्या, कप्प्यांची दारं, टेबल, जिन्याच्या पायऱ्या हे सगळं इथे करून नेता येतं, आणि सुतार डोळ्यांसमोर असला की काम नीट होतं. पुढचं सगळं तीसेक फुटी, जुन्या फायबरच्या बोटीसाठी आहे.

मापं घ्यायला जाताना मीटरटेपपेक्षा खाकी कागदाचं भेंडोळं आणि हार्डबोर्डच्या पट्ट्या महत्त्वाच्या. बोटीत काटकोन शोधून सापडत नाही. भिंत खाली आत वळते, पुढे निमुळती होते, आणि डावी बाजू उजवीसारखी असेलच असं नाही. प्रत्येक गादीचा, प्रत्येक फळीचा खाका जागेवरच कापा आणि त्यावर ‘डावी’, ‘उजवी’, ‘वर’, ‘पुढे’ असं मार्करनं लिहा. गादीचे दोन खाके लागतात, खालचा आणि वरचा, कारण कड तिरपी कापायची असते. मिस्त्री खाके बघून पहिल्यांदा म्हणणारच, “साहेब, आ तो बधुं वांकुं छे!” त्यांना शांतपणे सांगा, वाकडंच हवंय, आणि काटकोन तपासायचा गुण्या आज बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट मिस्त्रींना नाही, स्वतःला सांगायची. मासिकांतल्या केबिनचे फोटो धक्क्याला बांधलेल्या बोटीत काढलेले असतात. वारा भरला की बोट १५-२० अंश कलते आणि तासन्‌तास तशीच चालते. म्हणून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: कललेल्या बोटीत हिचं काय होईल? टेबलाला दीड-दोन इंच उंच कठडा हवा, कोपऱ्यात फट ठेवून, म्हणजे पुसताना चुरा बाहेर निघतो. ड्रॉवर नुसता ओढून उघडता कामा नये. किंचित उचलून मग ओढायची खाच हवी. कोपरे सगळे गोल, आणि गोल म्हणजे सॅंडपेपर मारल्यासारखे नव्हेत, तर बरगडी आपटली तरी चालेल एवढे. जिन्यापासून पुढच्या टोकापर्यंत एक हात सुटायच्या आत दुसरा आधार सापडला पाहिजे. या बाबतीत आपल्याकडे संखेडा जवळ आहे. तिथलं लाखेचं रंगीत काम बोटीत नेण्याचा मोह मी आवरला असता, पण लेथवर ओढलेला सागवानी खांब, मुठीत बसेल एवढा जाड, जिन्यापाशी जमिनीपासून छतापर्यंत उभा केला तर त्याच्याइतकं देखणं आणि कामाचं दुसरं काही नाही.

आता झोप. इथे पैसे आणि वेळ दोन्ही खर्च करा, बाकी ठिकाणी वाचवा. माणसाला साडेसहा फूट लांबी आणि खांद्याशी दोन फूट रुंदी पुरते. चालत्या बोटीत रुंद पलंग सुखाचा नसतोच, माणूस इकडून तिकडे लोळत राहतो. पुढच्या टोकातली इंग्रजी व्ही आकाराची जागा मुक्कामाला छान, पण लाटेत सगळ्यात जास्त तीच आपटते; चालत्या बोटीत झोपायचं ते मधल्या बाकांवर. त्यासाठी बाकाच्या कडेला जाड कापडाची पट्टी लावतात. एक कड गादीखाली फळीला स्क्रूनं पक्की, दुसरी दोरीनं छतातल्या कडीला. दिवसा ती गादीखाली सरकते. ही पट्टी आणि तिच्या कड्या इथेच शिवून, ठोकून घ्या. फोम चार इंची, ४० डेन्सिटीचा; त्याहून मऊ घेतलात तर बूड फळीला टेकतं. आणि बाकाची फळी सलग ठेवू नका. दीड इंची भोकं पाडून घ्या किंवा पट्ट्यांची जाळी करा. अंगाची ऊब वर आणि गार फळी खाली, मध्ये पाणी साचतं, आणि महिन्याभरात गादीच्या पोटाला काळी बुरशी. वरून कितीही महागडं कापड असलं तरी केबिनला जो कुबट वास येतो तो बहुधा तिथूनच.

कापड सुती नको. समुद्राचं पाणी वाळलं तरी मीठ मागे राहतं, आणि मीठ हवेतली ओल ओढत राहतं, म्हणून सुती खोळ कायम दमट. धागाच रंगवून विणलेलं ॲक्रिलिक घ्या, चेन प्लॅस्टिकची. रंग मंगळबाजारात गेल्यावर ठरवू असं म्हणू नका, तिथे मन मोठ्या फुलांकडे धावतं. आठ बाय दहाच्या जागेत मोठी फुलं अंगावर येतात.

हवा खेळती राहणं हे गाद्यांइतकंच महत्त्वाचं. १९३० साली बांधलेल्या ‘डोरेड’ नावाच्या बोटीवर एक साधी पेटी बसवली होती: वाऱ्याचं तोंड एका बाजूला, केबिनमध्ये उतरणारी नळी दुसऱ्या बाजूला, मध्ये अर्धी भिंत. पाणी आलं तर पेटीच्या तळातल्या भोकांतून डेकवर निघून जातं, हवा मात्र खाली येते. ओलिन स्टीफन्स यांनी आखलेली ती बोट १९३१ची फास्टनेट ही समुद्रातली शिडाच्या बोटींची शर्यत जिंकली, आणि पेटीला तिचंच नाव पडलं. पेटी सागवानात इथे बनते, बसवायची तिकडे. कप्प्यांच्या दारांना वेताची जाळी लावा. दिसायला छान आणि आतले कपडे श्वास घेतात. वेत विणणारे कमी झालेत, आधी सांगून ठेवा.

लाकडाबद्दल मतं फार असतात. माझं असं: सगळं सागवान केलं की केबिन अंधारी होते. अमेरिकेतल्या हेरेशॉफ यांच्या बोटींवरून नाव पडलेली पद्धत मला अजून पटते, फळ्या पांढऱ्या, किनारी आणि कठडे वॉर्निश केलेल्या लाकडाचे. खर्चही कमी. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा मरीनच, म्हणजे पाण्यात टिकणारा, आणि कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीनं बंद. पाणी शिरतं ते कडेतून. पायाखाली चकचकीत पॉलिश अजिबात नको. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. पितळी हौस खाऱ्या हवेत टिकत नाही.

दिवे १२ व्होल्टचे, पिवळसर उजेडाचे, प्रत्येक झोपायच्या जागी डोक्याशी एक वेगळा. नकाशाच्या टेबलापाशी एक लाल, कारण रात्री डेकवर परतल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय राहते.

स्वयंपाकाची जागा जिन्याच्या पायथ्याशी, तिथे बोट सगळ्यात कमी हलते. शेगडी झुलती, भांडं धरणारे चिमटे असलेली. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर थेट बोटीच्या तळात साठतो. सिलिंडर केबिनबाहेर, समुद्रात निचरा होणाऱ्या बंद खणातच. सिंक लहान आणि खोल. ताटल्या नकोत, खोल वाडगे घ्या. कललेल्या बोटीत शेव-उसळ खायची इच्छा होईलच. संडासाबद्दल एवढंच की दार बाहेर उघडावं.

ट्रेननं निघायच्या आदल्या दिवशी सगळे भाग अंगणात मांडून खाक्यांवर ठेवून बघा, प्रत्येकाच्या पाठीवर नंबर घाला. बाकांची फळी किंवा फ्लोअरचा कुठलाही तुकडा असा कायमचा ठोकायचा नाही की खालचे व्हॉल्व आणि पंप हाताशी येणार नाहीत. रंधा, कानस, थोडं वॉर्निश आणि खाके बरोबर न्या. कुठेतरी दोन सूत जास्त निघणारच, आणि तिथे बडोद्याचे मिस्त्री नसतील.